सायकल लोकलमध्ये टाका, मग नाशिककडे बघा

ठाण्यात नवी सायकल घेतलेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी विचारतोच, "ठाणे-नाशिक मारायचं का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. नाशिकला जायचं, पण सायकलने जायचं नाही. माजिवडा ओलांडला की कंटेनर सुरू होतात, पडघ्यापर्यंत गोदामांचे ट्रेलर, शहापूरनंतर जरा मोकळं वाटतंय तोवर कसारा घाट, आणि घाटात पहिल्या गिअरमध्ये कण्हणारा ट्रक तुमच्या कोपरापासून हातभर अंतरावर. जवळपास दीडशे किलोमीटर. घरी येऊन सांगायला झकास, पण लक्षात राहतो तो डिझेलचा धूर.

ज्यांना पाण्याकाठचा रस्ता, द्राक्षबागांमधून जाणारी वाट आणि पाठीमागे हॉर्न नाही असे दोन तास हवे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तसे रस्ते आपल्यापासून तीन तासांच्या रेल्वेप्रवासावर आहेत. तिथपर्यंत सायकल न्यायची कशी, अंग आधी कुठे तयार करायचं आणि तिथे कसं वागायचं, एवढंच सांगायचं आहे. क्रम मोडू नका. पहिला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर गेलेले दोन मित्र माझ्या ओळखीचे आहेत. दोघांच्याही सायकली आता बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येतात.

सायकल आणि सीटची उंची

या भटकंतीसाठी महागडी सायकल लागत नाही. सपाट हँडलची, गिअरची हायब्रिड सायकल, ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, बस्स. रेसिंग सायकलचे बारीक टायर गावाकडच्या उखडलेल्या डांबरावर हाल करतात. जाड खोबणीचे माउंटन टायर डांबरावर उगीच दम काढतात. गिअर नसलेली साधी सायकल सपाटीवर छान चालते, पण धरणाकाठचे रस्ते सपाट नसतात.

दुकानदार सीट खाली ठेवूनच सायकल हातात देतात, कारण गिऱ्हाइकाला दोन्ही पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं. गुडघे दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. या उंचीवर थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं. पहिले चार दिवस सिग्नलला धडपडायला होतं, मग सवय होते.

मऊ जेलचं सीटकव्हर घेऊ नका. अर्धा तास गादीवर बसल्यासारखं वाटतं, दोन तासांनी तेच मांडीला घासायला लागतं. त्या पैशात पॅड असलेली सायकलिंगची चड्डी येते. ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगून ठेवतो.

पहिला टप्पा: उपवन आणि येऊर

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण सगळ्या तलावांकाठी सायकल चालवता येते असं नाही. मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, दिवसभर रिक्षांच्या वेढ्यात असते. कचराळीला चालणाऱ्यांची गर्दी. सायकलवाल्यांसाठी उपवन. सकाळी साडेपाच-सहाला तिथे पोहोचा. तलावाच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर पंधरा-वीस मिनिटं हलक्या गिअरमध्ये फिरा. पाय जड करणारा गिअर घालून जोर लावणं हा नवख्यांचा लाडका गुन्हा. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे सहज मारता येतील असा हलका गिअर ठेवा. वेग कमी दिसला तरी चालेल, कारण त्यामुळेच दुपारपर्यंत दम टिकतो.

दोन आठवडे हे झालं की येऊरचा चढ. तो उपवनच्या मागूनच सुरू होतो. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि बिबट्या ही इथे अफवा नाही, म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय वर जायचं नाही. माकडांसमोर खाऊ काढायचा नाही. वर हवाई दलाचा तळ आहे, त्या बाजूला मोबाइल खिशातच राहू द्या.

चढताना दमलात तर उतरून ढकला. त्यात लाज नाही, मी पहिल्या महिन्यात दर वेळी ढकलली. उतार मात्र गंभीरपणे शिका. दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे थोडे, वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर चाक सरकतं, आणि नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. येऊर उतरताना हात दुखले नाहीत आणि ब्रेकचा जळका वास आला नाही की हा टप्पा झाला.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून. मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला बरा.

दुसरा टप्पा: मालडब्यातून तानसा

इथून खरी मजा सुरू होते. ठाण्याहून कसाऱ्याकडे जाणारी पहाटेची लोकल पकडायची. सायकल मालडब्यात जाते. आपलं तिकीट वेगळं आणि सायकलचं लगेज तिकीट वेगळं, दोन्ही खिडकीवर काढून घ्या. मालडब्याचे स्वतःचे रिवाज आहेत. ती जागा माशांच्या पाट्या, भाजीचे हारे आणि दुधाचे कॅन घेऊन रोज पोटासाठी फिरणाऱ्यांची आहे, आपण सुट्टीचे पाहुणे. सायकल भिंतीला समांतर लावायची, दारात आडवी नाही. पेडल कुणाच्या पोटरीला लागणार नाही असं वळवून ठेवायचं. एकदा मी सायकल दाराजवळच उभी केली, तर कोळणीची रिकामी पाटी माझ्या हँडलवर टेकली. मावशी म्हणाल्या, "दादा, ही तुझी घोडी जरा आत बांध." तेव्हापासून मी एक जुनी ओढणी बरोबर ठेवतो. पुढचा ब्रेक दाबून त्याच्यावर करकचून बांधली की सायकल डब्यात हलत नाही.

आटगावला उतरा. हायवे ओलांडायचा तेव्हा सायकल हातात धरून चालत ओलांडा. मग अघईच्या रस्त्याने साधारण दहा किलोमीटर गेलं की तानसा. तलाव १८९२ सालचा, आजही मुंबईला पाणी देणारा, आणि भोवती अभयारण्याचं साग-ऐनाचं रान. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि रस्त्याला दूधवाल्याच्या मोटरसायकलीखेरीज फारसं कुणी नसतं. धरणाच्या भिंतीकडे मनाईचे फलक दिसले की तिथून मागे वळायचं, पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही. पाण्यात उतरायचं तर अजिबातच नाही.

जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर, चढउतारासह. दुपारच्या आत परत आटगावला. एवढ्यासाठी पहाटे उठून लोकल कशाला, असं वाटेल. पण या एका दिवसात सामान बांधणं, गाडीत सायकल चढवणं, अनोळखी गावात पाणी मागणं आणि थकलेल्या पायांनी जिना चढणं, या सगळ्याची तालीम होते. तानसा दोनदा करा. दुसऱ्या वेळी बहुधा पंक्चर होईलच.

पंक्चरबद्दल जरा सविस्तर

दोन जादा ट्यूब, टायर काढायचे प्लॅस्टिकचे दोन लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा संच, एवढं सीटखालच्या पिशवीत हवंच. घरी बसून तीन वेळा मागचं चाक काढून लावा. यूट्यूबवर पाहणं वेगळं आणि चेनचं काळं हाताला लागणं वेगळं.

नाशिककडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात. काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसतही नाही, आणि नवी ट्यूब टाकली की पाच मिनिटांत तीही जाते. म्हणून नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवायचा. कापड अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, मी फिरवलं होतं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. बऱ्याच नव्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. नाशिकजवळच्या सावरगावच्या अलीकडे माझा पंप दगा देऊन गेला. दोन किलोमीटर सायकल ढकलत एका टपरीवर पोहोचलो. टपरीवाल्या काकांनी व्हॉल्व्ह निरखून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हे बॉलपेन आहे का?" हवा काही भरली जाईना. शेवटी एका कॉलेजच्या पोराने घरून पंप आणून दिला. पितळेचं इवलंसं टोपण मिळतं, बारीक व्हॉल्व्हवर फिरवून बसवलं की कुठल्याही कॉम्प्रेसरची हवा भरता येते. किंमत किरकोळ. आता माझ्याकडे तीन आहेत. एक तर घराच्या किल्लीलाच लावलंय.

तिसरा टप्पा: नाशिक, धरण आणि बागा

कधी जायचं? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. द्राक्षाच्या वर्षाचा ठोकताळा माहीत असला की काय दिसेल ते कळतं. खायच्या द्राक्षांची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि माल येतो जानेवारी ते मार्च. डिसेंबरात घड हिरवे, कडक असतात. जानेवारीअखेर गेलात तर निर्यातीच्या बागांमध्ये घडांना वर्तमानपत्राच्या टोप्या घातलेल्या दिसतील, उन्हाने रंग बिघडू नये म्हणून. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात खरे, पण द्राक्षं नसतात आणि रस्त्यावर चिखल. एप्रिलनंतर नुसतं ऊन.

सायकल न्यायची कशी? लांब पल्ल्याच्या गाडीत सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून नोंदवता येते, ती ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून जाते. गाडी ठाण्याला थांबते, पण दोन-तीन मिनिटंच. तेवढ्यात सायकल चढेलच याचा भरवसा नसतो. म्हणून उलट दिशेने जाऊन सीएसएमटीवरून चढवणं शहाणपणाचं. शुक्रवारी दुपारनंतर मुंबईकडे जाणाऱ्या लोकल रिकाम्या असतात, मालडब्यात ऐसपैस जागा मिळते. सीएसएमटीला गाडीच्या दीड तास आधी पोहोचा. आरक्षित तिकीट दाखवून नोंदणी करा, पावती जपा, आणि पुठ्ठ्यावर नाव, फोन नंबर व कुठून कुठे ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रेमला बांधा. हँडलवरचे दिवे, बाटल्या, पिशवी काढून स्वतःजवळ ठेवा. एकदा मी पिशवी सायकलीवरच ठेवली आणि उतरल्यावर पंप गायब होता. तो कुठल्या स्टेशनावर गेला ते देव जाणे.

सायकल हलवायचीच नसेल तर नाशिकमध्ये दोन दिवसांची भाड्याची मिळते का ते आधी फोनवर विचारा, पण सीटची उंची, ब्रेक आणि गिअर स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली तर रात्री नाशिकरोड. तिथून शहर आठ-नऊ किलोमीटर. अंधारात सायकल चालवू नका, टेम्पोत टाका. मुक्काम गंगापूर रोडच्या बाजूला घ्या म्हणजे सकाळी शहर ओलांडावं लागत नाही. खोली ठरवताना एकच प्रश्न, "सायकल रात्री आत ठेवता येईल ना?"

थंडीची तयारी हवी. ठाणेकराला थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवणं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पहाटे चालत्या सायकलवर बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबल्याचं कळत नाही. हातमोजे, कानटोपी आणि छातीवर शर्टाच्या आत दुमडलेलं वर्तमानपत्र. नऊ वाजता कागद काढून टाकायचा.

शनिवारी सकाळी सव्वासहाला निघा. आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, मग सावरगाव आणि गंगावऱ्हे. हा रस्ता गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या पाण्याकडे नेतो. सोमेश्वरपर्यंत शहराची वर्दळ आहे, ती सातच्या आत पार करायची. गोवर्धननंतर दोन्ही बाजूंना बागा लागतात. फार थंडी पडली असेल तर बागांच्या कडेला शेकोट्यांचा धूर दिसेल. गारठ्याने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागून त्या पेटत्या ठेवतात. आणखी पुढे रस्ता जरा चढतो आणि डावीकडे एकदम पाणी उघडतं. तिथे थांबा. डबा तिथेच खायचा. आदल्या रात्री आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी याहून चांगला सायकलवाल्याचा नाश्ता मला अजून सापडलेला नाही. नाशिकची मिसळ परत येताना. तर्रीवाली मिसळ खाऊन चढ चढायचा प्रयत्न मी केला आहे, दुसऱ्यांदा करणार नाही.

याच पट्ट्यात वाइनच्या कंपन्या आहेत. सुला १९९९ सालापासून इथली, आणि तिच्यामुळेच या रस्त्याला पर्यटकांची रीघ लागली. शनिवार-रविवारी अकरानंतर मुंबईच्या गाड्या सुरू होतात आणि शांतता संपते. म्हणून दहापर्यंत परत फिरलेलं बरं. वाइनची चव घ्यायची हौस असेल तर संध्याकाळी, सायकल मुक्कामी लावून, रिक्षाने जा. वाइनच्या बागेत द्राक्षं पाहून पुष्कळांची निराशा होते: मणी लहान, साल जाड, आत बिया. ती खायची नसतातच. खायची थॉमसन किंवा सोनाका वेगळ्या बागांत, दिंडोरी-निफाडकडे जास्त.

बागेत शिरू नका. हे नुसतं शिष्टाचारापोटी सांगत नाही. बागांवर भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी सारखी फवारणी चालू असते. ट्रॅक्टरचा ब्लोअर रस्त्याकडेच्या ओळीत दिसला तर लांब थांबा, वारा कुठून येतोय ते बघा आणि तो पुढे गेला की मग जा. एकदा मी तारेवरून लोंबणाऱ्या घडाकडे हात नेला, तर आतून आवाज आला, "ओ दादा, कालच मारलंय, खाऊ नका!" काका बाहेर आले, विचारपूस झाली.

"कुठून आले?"

"ठाण्याहून."

"सायकलवर?"

"नाही काका, सायकल रेल्वेने आणली."

काका थोडा वेळ सायकलकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. "मग रेल्वेनेच पुढे जायचं ना."

नंतर त्यांनी शेडमधून धुतलेल्या द्राक्षांचा घमेलाभर ढीग आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. असं दर वेळी होईल असं समजू नका, पण रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ताजी द्राक्षं मिळतात. दोन पाण्यांनी धुऊनच खा.

रविवारी गिरणाऱ्याच्या रस्त्याने जायचं. गंगापूर गावातून दुगाव, मग गिरणारे, पुढे धोंडेगावकडे कश्यपी धरण. जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. इथे वाइनची गर्दी येत नाही, मात्र गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार असतो आणि पिकअप गाड्या घाईत असतात. बाजाराच्या तासाभरात डाव्या कडेला चिकटून राहा किंवा सरळ चहा प्या. कश्यपीच्या पाण्याकाठी मी जास्तीत जास्त तीन माणसं पाहिली आहेत, त्यांतला एक गुराखी. पाणी कमीत कमी दोन लिटर बरोबर हवं, गिरणाऱ्यानंतर दुकानं विरळ होतात.

दोन्ही दिवस परतताना, अकराच्या पुढे, वारा समोरून येईल असं धरूनच चाला. गिअर हलका करा, मान खाली घाला आणि वेगाचा आकडा बघू नका. सायकलवाल्यांच्या गटात असाल तर सगळ्यांत हळू जाणाऱ्याच्या पुढे कुणी जायचं नाही. नाशिकचे महाजन बंधू, दोघे डॉक्टर, २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पुरी करून आले, त्याच गावच्या रस्त्यांवर आपण चाललो आहोत, हे ऐकून कुणा नवख्याला स्फुरण चढलं तर त्याला गप्प सगळ्यात मागे ठेवा.

हे दोन्ही दिवस जमले की पुढच्या हिवाळ्यासाठी नांदूर मध्यमेश्वर ठेवा. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेला. गाडी निफाडला थांबते. निफाड म्हणजे द्राक्षांचाच तालुका. स्टेशन ते पक्ष्यांचं पाणी हा सगळा रस्ता सपाट, वाटेत बागा आणि ऊस. ऊसतोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, तेवढं सांभाळायचं. ट्रॉलीच्या कडेने घुसायचं नाही, उसाची मोळी केव्हा घसरेल सांगता येत नाही.

परतीचं

रविवारी संध्याकाळची तपोवन एक्सप्रेस. नाशिकरोडला पार्सल ऑफिसात तास-दीड तास आधी. इथेही तोच विचार: सायकल ठाण्याला उतरवली जाईल याच्या भरवशावर राहू नका, सीएसएमटीपर्यंत नोंदवा आणि रात्रीच्या लोकलच्या मालडब्यातून परत या. दीड-दोन तास जास्त जातात. कंटाळा येतो हे मान्य.

घरी द्राक्षं न्यायचा मोह होतो. न्या, पण पिशवी हँडलला लटकवू नका. झोका घेते आणि पुढच्या चाकात जाते. स्टीलच्या डब्यात भरून, वर रुमाल दाबून, कॅरिअरला बांधा. मी पहिल्या वेळी दोन किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली होती. तलावपाळीला पोहोचेपर्यंत शर्टाची पाठ चिकट झाली होती आणि घरी सॅक उघडली तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, "वाइन इथेच करायची होती का?"